चिल्लरीतलं नाणं: टांकसाळीची खरी चूक की झिजलेला ठसा?

दुकानदार सुट्टे देतो, घरी आल्यावर एका रुपयाच्या आकड्यामागे सावली दिसते, आणि ‘असं नाणं लाखाला जातं’ हा व्हिडिओ आठवतो. बहुतेक वेळा ते नाणं रुपयाचंच असतं. पण कधीतरी खरंच वेगळं काही हाती लागतं. ते ओळखायला दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, एक चुंबक आणि तिरपा प्रकाश देणारा टेबललॅम्प पुरतो. शेजारी ठेवायला त्याच मालिकेचं एक साधं नाणं घ्या, कारण तुलनेशिवाय काहीच कळत नाही.

आधी नाणं कसं पाडतात ते ध्यानात घ्या. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात, त्यांची कड दाबून उचलतात आणि मग भोवती पोलादी कडं ठेवून दोन ठशांमध्ये जोराचा दाब देतात. म्हणजे चूक तीन ठिकाणी होऊ शकते: चकतीत, ठशात किंवा दाब देताना. चौथं ठिकाण टांकसाळीबाहेरचं, म्हणजे खिसा, हातोडी किंवा एखाद्याचा लबाड व्हाइस (वस्तू घट्ट दाबून धरणारा शिकंजा).

१. ही मुळात चूक आहे का?

सालाखालचा ठिपका ही नोएडा टांकसाळीची खूण आहे, हिरा मुंबईची, चांदणी हैदराबादची. काहीच नसेल तर नाणं कोलकात्याचं. १९८५ च्या रुपयावर ‘एच’ दिसला तर तोही दोष नव्हे. ती नाणी बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीत पाडलेली आहेत. दहा रुपयांच्या नाण्यावर कुठे दहा रेषा, कुठे पंधरा, कुठे ₹ चिन्ह नाही, यावरून तर दुकानांत भांडणं झाली. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की तोवर निघालेले चौदाही नमुने चलनात वैध आहेत.

चुंबकाचंही तसंच. पाच रुपयांचं जुनं जाड, ९ ग्रॅमचं नाणं तांबं-निकेलचं, ते चिकटत नाही. २००७ च्या सुमाराचं ६ ग्रॅमचं स्टीलचं नाणं चिकटतं. दोन्ही बरोबर आहेत. धातू किंवा वजन त्या सालच्या मालिकेशी जुळत नसेल, तरच पुढे बघा. २०११ च्या मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅमचा, दोन रुपये ४.८५ ग्रॅमचे.

२. उठाव की खड्डा?

निम्मी परीक्षा इथेच होते. ठशावर चित्र उलटं आणि खोलगट असतं. त्यामुळे ठशाला चीर गेली किंवा टवका उडाला की धातू त्या फटीत शिरतो आणि नाण्यावर रेघ किंवा गोळा *उठून* दिसतो. कडेला अक्षरं गिळून टाकणारा उंच गोळा असेल आणि बरोबर त्याच्या मागच्या बाजूचं चित्र फिकं असेल, तर ठशाचा तुकडाच उडालेला असतो. अशी नाणी संग्राहक आवडीने घेतात. नुसती केसासारखी उठावदार चीर मात्र सर्रास सापडते.

खोल ओरखडा, खाच, चेपलेली कड बहुधा टांकसाळीबाहेरची असते. अपवाद एक: दाब देताना मध्ये तार किंवा धातूचा कण अडकला तर खड्डा खरा असतो, पण मग त्याच्या काठावर धातू लोटल्याच्या खुणा नसतात.

३. दुहेरी अक्षरं

सर्वांत जास्त फसगत इथे होते, म्हणून घाई करू नका. तीन वेगळ्या गोष्टी एकसारख्या दिसतात.

ठसा घडवतानाच त्यावर चित्र दोनदा, किंचित सरकून उमटलं, तर प्रत्येक नाण्यावर तेच दुहेरीपण येतं. अक्षर नेहमीपेक्षा जाड होतं, दोन्ही प्रतिमा गोलाईदार आणि उंच असतात, आणि कोपऱ्यांवर स्पष्ट फट दिसते. ही खरी चूक, आणि ती दुर्मीळ.

दाब दिल्यावर सैल ठसा हलला तर तो अक्षराची बाजू खरवडतो. तिथे चपटी, चकचकीत पायरी तयार होते आणि मूळ अक्षर उलट *बारीक* होतं. याला किंमत नाही, विकणारा काहीही म्हणो.

तिसरा प्रकार झिजलेल्या ठशाचा. आपली एक-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची. हा धातू कठीण, ठसा लवकर झिजवतो. हजारो नाणी पाडून ठसा थकला की अक्षरं कडेच्या दिशेने सुजतात, काठ धूसर होतात, सपाट भाग खरबरीत दिसतो आणि कडेकडे धावणाऱ्या बारीक रेषा उमटतात. इथे कोपऱ्यात फट नसते, नुसता फुगवटा असतो. नाणं हाताळून झिजलं असेल तर सर्वांत उंच भाग गुळगुळीत होतात आणि चमक जाते. ठसा झिजलेला असेल तर नाणं नवंकोरं चमकत असूनही सिंहांची आयाळ पुसट असते.

४. उलटून पाहा

चिल्लरीत खरी चूक सापडण्याची सर्वांत मोठी शक्यता माझ्या मते इथे आहे, आणि भिंगही लागत नाही. सिंह सरळ ठेवून नाणं वरच्या-खालच्या टोकाला दोन बोटांत धरा आणि पुस्तकाच्या पानासारखं उलटा. आकडाही सरळच दिसायला हवा. दहा-पंधरा अंशांचा कल सोडून द्या. आकडा आडवा किंवा पूर्ण उलटा आला, तर एक ठसा फिरलेला आहे आणि ते नाणं बाजूला ठेवायलाच हवं.

५. गायब अक्षरं, कापलेली कड आणि बनवाबनवी

एखादं अक्षर नाही, पण भोवतालचा भाग नेहमीसारखा, तर ठशात वंगण भरलेलं होतं. मजेशीर, पण फार मोलाचं नाही. कड चंद्रकोरीसारखी कापलेली असेल तर समोरची कड बघा. चकती टांकसाळीतच अपुरी कापली गेली असेल, तर तिथली कडही बहुधा कमजोर दिसते. कानशीने कापलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते.

एका बाजूला चित्र आणि दुसरीकडे तेच चित्र उलटं, खोलगट असं ‘लाखी’ नाणं म्हणजे आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिल्याची खूण. त्याची नक्कल दोन नाणी व्हाइसमध्ये दाबून करतात. नकलेत मूळ चित्राचे अवशेष खाली चेपलेले दिसतात. खऱ्यात ती बाजू स्वच्छ असते. दहाच्या नाण्यातला मधला भाग नसेल तर बहुतेक वेळा तो ठोकून काढलेला असतो.

संशयास्पद नाणं चिंच-लिंबाने घासू नका. मूळ चमक गेली की संग्राहकाचा रसही जातो. कागदी पाकिटात ठेवा, वर वजन, साल, टांकसाळ लिहा, आणि जाणकाराला प्रत्यक्ष दाखवा. फोनवर मोठी रक्कम सांगून आधी कमिशन किंवा कर मागणाऱ्याचा फोन ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेच्या नावाने असे पैसे उकळले जात असल्याचा इशारा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता; जुन्या नाणी-नोटांच्या खरेदी-विक्रीत ती पडत नाही आणि त्यासाठी कसलंही शुल्क घेत नाही.