पोल्डरमधील हिवाळी सायकलफेरी : आधी वारा पाहावा, मग तापमान

नेदरलँड्समध्ये नव्याने आलेला मराठी माणूस हिवाळ्यात सायकल बाहेर काढण्यापूर्वी तापमान पाहतो. माझ्या मते त्याने आधी वाऱ्याची दिशा पाहावी. मी हे फ्लेवोलँड प्रांताविषयी लिहीत आहे. समुद्राचे पाणी अडवून आणि उपसून विसाव्या शतकात तयार केलेली ही जमीन, म्हणजेच पोल्डर, समुद्रसपाटीच्या खाली आहे, रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ आहेत, आणि पॉप्लर झाडांच्या रांगा व शेतघरे सोडली तर वाऱ्याला अडवणारे येथे काहीच नाही. पुण्याला सिंहगडाच्या चढावर जो घाम निघतो, तो येथे चढ नसतानाही निघतो. येथला घाट म्हणजे वाराच.

येथील हिवाळ्यात हवेची दोन मुख्य रूपे दिसतात. वारा नैर्ऋत्येकडून असला तर तो समुद्रावरून येतो, तेव्हा थंडी बोचरी नसते, पण पाऊस आणि सोसाट्याचा वारा असतो आणि रस्ता ओला राहतो. वारा पूर्वेकडून असला तर तो खंडाच्या आतल्या भागातून येतो. आकाश निरभ्र, हवा कोरडी, आणि रात्री पाणी गोठेल इतका गारठा. पहिल्या प्रकारात चिखल आणि थकवा यांची काळजी करावी, दुसऱ्यात बर्फ आणि बधिर झालेली बोटे यांची. कोणते कपडे घालावेत, कोणत्या वाटेने जावे आणि सोबत काय घ्यावे हे सारे यावरून ठरते, म्हणून रात्री झोपण्यापूर्वीच दिशा आणि वेग दोन्ही पाहून ठेवावे. वेग बोफोर्ट मापनात, म्हणजे वाऱ्याच्या जोराला दिलेल्या क्रमांकांत, सांगितला जातो. 4 म्हणजे ताशी 20 ते 28 किलोमीटर, 5 म्हणजे 29 ते 38, आणि 6 म्हणजे 39 ते 49. नवख्याने 5 च्या वर उघड्या बांधावर जाऊ नये. येथे समोरच्या वाऱ्यात सायकल चालवण्याची राष्ट्रीय स्पर्धाही होते, झेलंड प्रांतातील समुद्रबांधावर, गिअर नसलेल्या साध्या सायकलींवर आणि मुद्दाम वादळी दिवस निवडून. पण तो हौशी लोकांचा प्रांत आहे.

वाऱ्याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा, म्हणजे नंतर स्वतःच्या पायांना दोष द्यावा लागत नाही. आपण ताशी 18 किलोमीटर वेगाने जात असू आणि समोरून ताशी 25 चा वारा असेल, तर अंगावर येणारी हवा ताशी 43 किलोमीटरची होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो वारा नसतानाच्या तुलनेत पावणेसहा पटींच्या आसपास जातो. अर्थातच 18 चा वेग टिकत नाही, तो 12 वर येतो. जाताना 12 आणि येताना 26 अशा वेगाने 20 किलोमीटर गेले आणि आले, तर जायला एक तास चाळीस मिनिटे लागतात आणि यायला जेमतेम पाऊण तास. म्हणून नियम असा की जाताना वारा तोंडावर घ्यावा आणि येताना पाठीवर. याच्या उलट करणारा माणूस हमखास फसतो, कारण पाठीशी वारा असताना आपल्याला वाराच नाही असे वाटते, अंग तापते, माणूस जॅकेटची चेन उघडतो, आणखी पाच किलोमीटर पुढे जातो, आणि परत फिरल्यावर घामाने ओल्या बनियनमधून तोच वारा आरपार जातो. तापमान 0 अंश असताना ताशी 30 किलोमीटरचा वारा उघड्या कातडीला उणे 6 ते 7 अंशांसारखा लागतो, आणि ओल्या कपड्यांत तो त्याहून वाईट लागतो.

दिशा ओळखण्यासाठी फोन काढण्याची गरज नाही. या प्रांतात पवनचक्क्या जागोजागी आहेत आणि त्या नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उभ्या राहतात. पुढची पवनचक्की आपल्याकडे तोंड करून उभी असेल, म्हणजे पाती खांबाच्या अलीकडे दिसत असतील, तर वारा आपल्या पाठीशी आहे. तिची पाठ दिसत असेल तर खाली वाकून हलका गिअर लावावा.

आणखी एक युक्ती येथील जुने सायकलस्वार वापरतात आणि मला तिच्यात कसलाही कमीपणा वाटत नाही. वारा जिकडून येतो तिकडे आगगाडीने जावे आणि वारा पाठीवर घेऊन परत यावे. मी लेलिस्टाटला राहतो. पूर्वेचा वारा असेल त्या रविवारी सायकलचे वेगळे तिकीट काढून पूर्वेकडच्या ड्रॉन्टनला गाडीने जातो आणि तेथून सुमारे 20 किलोमीटर रमतगमत घरी येतो. कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेत गाडीत सायकल नेता येत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

कपड्यांबद्दल थोडक्यात सांगायचे तर घरातून निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. दारातच ऊब वाटत असेल तर एक थर जास्त आहे असे समजावे. सर्वांत आत लोकर किंवा घाम शोषून न ठेवणारे कापड असावे, सुती बनियन नको. सर्वांत बाहेर वारा अडवणारा पातळ थर असावा. तो नसेल तर वर्तमानपत्राची चारपदरी घडी छातीवर शर्टाच्या आत सरकवावी. सायकल शर्यतीतले लोक हे फार पूर्वीपासून करत आले आहेत आणि ते खरोखर उपयोगी पडते. हातमोज्यांची दुसरी जोडी मात्र पिशवीत हवीच, कारण पहिली जोडी चेनला हात लावताना किंवा पंक्चर काढताना भिजते. डिसेंबरमध्ये येथे सकाळी पावणेनऊच्या सुमारास सूर्य उगवतो आणि दुपारी साडेचारच्या आत मावळतो, म्हणून पुढचा पांढरा व मागचा लाल दिवा दुपारच्या फेरीतही सोबत ठेवावा.

आता अपघातांकडे वळू. मोठ्या अपघातांविषयी येथे लिहीत नाही. त्यासाठी 112 हा क्रमांक आहे. पण हिवाळी फेरीत लहानसहान फजिती जवळजवळ प्रत्येक वेळी होते, आणि उघड्या माळावर दहा मिनिटांचे काम अर्धा तास घेते.

सर्वांत नेहमीचे म्हणजे पंक्चर. घराबाहेर पडण्यापूर्वी हवा तपासताना हे ध्यानात घ्यावे की घरातल्या 20 अंशांत 4 बारपर्यंत भरलेली हवा बाहेर 0 अंशांत साधारण 3.65 बारवर येते, त्यामुळे पंप केलेला टायर तासाभराने मऊ लागला तर लगेच पंक्चर समजून सायकल आडवी करू नये. खरोखरच पंक्चर असेल तर आधी वाऱ्याच्या आडोशाला जावे, एखाद्या गोठ्याच्या भिंतीला किंवा पुलाखाली. येथील रोजच्या वापराच्या सायकलींना चेनवर पूर्ण झाकण असते, मागचे चाक काढणे म्हणजे दिवसाचे काम. ते काढूच नये. आपल्याकडे कोपऱ्यावरचा सायकलवाला करतो तसेच करावे : सायकल उलटी करून टायरची एक बाजू रिममधून सोडवावी, ट्यूब बाहेर ओढावी, हवा भरावी, आणि घमेल्यातल्या पाण्याऐवजी ट्यूब ओठांजवळ किंवा गालाजवळ फिरवावी. थंडीत गाल बधिर झालेला असला तरी ओठांना फुंकर बरोबर कळते. भोक सापडले की टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधावा. कुंपणे छाटण्याच्या दिवसांत हॉथॉर्न या काटेरी झुडपाचे काटे रस्त्यावर पडलेले असतात, आणि तो काटा तसाच राहिला तर नवे ठिगळ पाच मिनिटांत जाते.

ठिगळाचे सोल्युशन थंडीत लवकर सुकत नाही. म्हणून सोल्युशनची ट्यूब व ठिगळे पिशवीत न ठेवता निघतानाच आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावीत, आणि लावल्यावर नेहमीच्या दुप्पट वेळ थांबावे. वॉल्वही बहुधा आपल्या ओळखीचा असतो, वरचा नट सैल केला की आतला भाग उपटून निघणारा. तो कधीही गवतावर ठेवू नये. एका जानेवारीत मी तो गवतावर ठेवला, बोटांना काही जाणवत नव्हते, आणि दवाने पांढऱ्या झालेल्या गवतात तो करड्या रंगाचा इंचभर तुकडा शोधत मी गुडघ्यांवर वीस मिनिटे काढली. तेव्हापासून तो मी दातांत धरतो, चव वाईट असली तरी.

दुसरी गोष्ट बर्फाची. रस्ता कोरडा असला तरी पूल कोरडा असेलच असे नाही. पुलाला खालूनही थंड हवा लागते, त्यामुळे तो आधी गोठतो, आणि कालव्यांवरच्या लाकडी पुलांवर सकाळी काचेसारखा थर असतो जो डोळ्यांना फक्त ओला दिसतो. झाडांच्या सावलीतले पट्टेही तसेच. अशा जागी पोहोचण्यापूर्वीच वेग कमी करावा, आणि एकदा वर चढल्यावर ब्रेक लावू नये, हँडल वळवू नये, पॅडल मारणे सोडून सायकल सरळ आपल्या गतीने जाऊ द्यावी. शंका आली तर उतरून गवताच्या कडेने चालावे. मी एकदा उतरलो नाही. पुलाच्या शेवटच्या दोन फळ्यांवर, पलीकडे आजीबाई कुत्र्याला फिरवत होत्या म्हणून घंटी वाजवायला अंगठा हलवला, तेवढ्याने पुढचे चाक बाजूला गेले आणि मी कुशीवर घसरत थेट कुत्र्यासमोर पोहोचलो. पडताना हात पुढे टेकण्याचा मोह होतो आणि मनगट त्यानेच मोडते. हँडल धरून कुशीवर पडलेले बरे.

पडल्यावर लगेच उठून निघू नये. लाजेपोटी माणूस तेच करतो. आधी स्वतःची मनगटे, गुडघे आणि डोके तपासावे, डोके आपटले असेल तर फेरी तेथेच संपवावी. मग पुढचे चाक पायांत धरून हँडल सरळ करावे, दोन्ही चाके उचलून फिरवून पाहावीत, ब्रेक घासतो का ते पाहावे. गिअरची सायकल उजव्या बाजूवर पडली असेल तर मागच्या गिअरचा हात आत वाकलेला असू शकतो. तशा वेळी सर्वांत मोठ्या चक्रीवर गिअर टाकू नये, नाहीतर तो चाकाच्या तारांत अडकतो.

तिसरी फजिती चिखलाची, आणि ती नैर्ऋत्येच्या वाऱ्याच्या दिवसांतली. येथे सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत शुगरबीट, म्हणजे साखरेसाठी लावलेले बीट, काढतात. आपल्याकडे गळीत हंगामात रस्त्यावर ऊस सांडलेला असतो, तसा येथे ट्रॅक्टरच्या चाकांतला चिकण मातीचा थर सांडलेला असतो. पावसात तो साबणासारखा निसरडा होतो आणि मडगार्ड व टायर यांच्यामध्ये भरून चाक थांबवतो. बोटांनी ती माती निघत नाही. पिशवीत एक जुना चमचा ठेवावा. माझ्या अवजारांत सर्वांत जास्त वापर त्याचाच होतो.

बाजूच्या वाऱ्याचेही तंत्र आहे. शेतघराच्या किंवा झाडांच्या रांगेच्या आडोशातून बाहेर पडताना वाऱ्याचा धक्का एकदम बसतो, म्हणून ती जागा येण्याआधी हँडल पक्के पण खांदे सैल ठेवावेत आणि कालव्याच्या कडेपासून हातभर अंतर राखावे. समोरून मोठा ट्रक आला की तो क्षणभर वारा अडवतो. त्यावेळी वाऱ्यावर रेललेली सायकल ट्रककडे झुकते आणि लगेच परत फेकली जाते. दोघे असतील तर एकाने वाऱ्याच्या बाजूला आणि अर्धे चाक पुढे राहावे आणि दर दोन किलोमीटरला जागा बदलावी. येथे दोघांना शेजारी-शेजारी चालवण्याची कायद्याने परवानगी आहे.

गोठलेल्या गोष्टींमध्ये कुलूप पहिले. त्यावर उकळते पाणी ओतू नये, ते थोड्या वेळात अधिक घट्ट गोठते. किल्ली तळहातात किंवा लायटरवर कोमट करून हळूहळू आत घालावी. त्याहून विचित्र प्रकार म्हणजे पॅडल मारले तरी मागचे चाक न फिरणे. फ्रीव्हीलमध्ये शिरलेले पाणी गोठले की आतले दाते अडकून बसतात आणि पॅडल नुसते मोकळे फिरते. त्यावर रस्त्यावर ठोस इलाज नाही, उबदार जागाच हवी. मी अर्धा किलोमीटर सायकल ढकलत एका गावातल्या कॅफेत गेलो. मालकाने ती आत घेऊ दिली आणि मी वाटाण्याचे दाट सूप संपवेपर्यंत चाक सुटले होते.

घरी आल्यावर कितीही कंटाळा आला तरी चेनवर कोमट पाणी ओतून ती पुसावी आणि तेल द्यावे. येथे सायकलींच्या वाटांवरही मीठ टाकतात आणि एका रात्रीत चेन तांबूस होते. बॅटरीची सायकल असेल तर बॅटरी काढून घरात आणावी, ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच चार्जिंगला लावावी, आणि थंडीत ती नेहमीइतके अंतर देणार नाही असे धरूनच पुढच्या फेरीचा बेत करावा.

राहता राहिला हातमोजा, जो फोन काढताना खिशातून पडतो आणि घरी आल्यावर आठवतो. त्याच दिवशी अंधारात परत जाऊ नये. येथे रस्त्यात सापडलेला मोजा लोक जवळच्या खांबावर किंवा कुंपणाच्या खुंटावर अडकवून ठेवतात. दुसऱ्या दिवशी उजेडात त्याच वाटेने जावे. मला माझा डावा मोजा एका गुरांच्या कुंपणावर मिळाला, पाचही बोटे वर करून ताठ गोठलेला.