कमरेला किल्ल्या, वेशीवर दस्तक: ऐतिहासिक कथेत दासी लिहिताना

ऐतिहासिक कादंबरीत दासीला बहुधा दोनच कामं मिळतात: निरोप पोचवणं आणि राणीसाठी मरणं. अलीकडे तिसरं मिळू लागलंय, धन्याच्या प्रेमात पडून वाड्याची मालकीण होणं. तिन्ही ठिकाणी लिहिणाऱ्याची गफलत एकच असते. अंगावर दागिने आले, हाताखाली चार माणसं आली, धनी हसून बोलू लागला, की ती बाई मोकळी झाली असं आपण धरून चालतो. खरं म्हणजे मर्जी जितकी मोठी, तितकी तिच्यावरची नजर कडक. हा ताण नीट पकडला तर दासीच कथेचा कणा होऊ शकते. सोलापूर आणि भोवतालचा मुलूख त्यासाठी फार सोयीचा आहे, कारण इथे राज्यं वारंवार बदलली आणि दर बदलाबरोबर बांधलेल्या बाईचं नशीबही बदललं.

आधी साल ठरवा

"जुन्या काळी" असं म्हणून कथा सुरू करू नका. दासीला काय हक्क होता आणि काय नव्हता, हे सालावर ठरतं. सोळाव्या शतकात सोलापूरचा किल्ला आदिलशाही आणि निजामशाही यांच्या भांडणाचं मूळ होता. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईआधी निजामशहाची मुलगी चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली, तेव्हा सोलापूर तिच्यासोबत आंदण गेलं. किल्लाच आंदण जातो तिथे माणसं मागे राहत नाहीत. वधूबरोबर जाणाऱ्या दासींना कोणी विचारलेलं नसतं, आणि त्यांची आई, भाऊ, भाषा मागे राहते. १६६८ मध्ये सोलापूर मोगलांकडे गेलं. १६९५ नंतर काही वर्षं औरंगजेबाची छावणी मंगळवेढ्याजवळ माचणूरला, भीमेकाठच्या ब्रह्मपुरीत होती. पुढे पेशवाई आली आणि मे १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला.

यातलं एक साल निवडलं की कायदा आपोआप ठरतो, आणि कथेचा सगळ्यात मोठा पेच तिथेच मिळतो: धन्यापासून झालेलं मूल कोणाचं?

इस्लामी कायद्यात धन्याने स्वतःचं म्हणून कबूल केलेलं मूल जन्मतःच स्वतंत्र असतं. त्याच्या आईला 'उम्म वलद' म्हणतात. तिला विकता येत नाही आणि धनी मेला की ती मोकळी होते. म्हणजे आदिलशाहीतल्या सोलापुरात अशा बाईचं सगळं आयुष्य एका कबुलीवर टांगलेलं आहे. धनी कबूल करेपर्यंत ती बाजारातली वस्तू, कबूल केल्यावर त्याच्या मरणाची वाट पाहणारी बाई. मोठी बेगम ती कबुली अडवायला काय काय करेल, यावर अख्खं प्रकरण उभं राहतं.

पेशवाईत हे असं नाही. कुणबिणीचं, म्हणजे दासीचं, मूल सहसा धन्याच्याच घरचं राबणारं माणूस होई. विज्ञानेश्वराची मिताक्षरा, हा धर्मशास्त्रावरचा ग्रंथ, सोलापूरच्या पूर्वेला कल्याणीत, चालुक्यांच्या राजधानीत लिहिली गेली. तिच्यानुसार शूद्राच्या दासीपुत्राला बापाच्या मिळकतीत वाटा मिळू शकतो, पण द्विजाच्या, म्हणजे वरच्या तीन वर्णांतल्या माणसाच्या, दासीपुत्राला फक्त पोटगी. त्यामुळे एकाच वर्षी, एकाच पेठेत, पाटलाच्या वाड्यातली दासी आणि ब्राह्मण सावकाराच्या वाड्यातली दासी यांची मुलाबद्दलची स्वप्नं सारखी लिहिली तर चुकेल.

ती बांधली कशी गेली

हे दुसऱ्या प्रकरणात ओझरतं सांगून मोकळं होऊ नका. बाई दासी झाली कशी, यावर तिची चाल, भीती आणि आशा ठरते. लढाईत पकडलेली असेल तर तिला घर आठवतं, कदाचित कोणी सोडवायला येईल असंही वाटतं. दुष्काळात विकलेली असेल तर विकणारे तिचेच आईबाप असतात. १६३०-३२ च्या दख्खनच्या दुष्काळात माणसं पोटासाठी मुलं विकत होती. अशा मुलीच्या मनात राग आणि "निदान जगले" हे दोन्ही एकत्र असतं. आंदणात आलेलीची निष्ठा माहेरच्या बाईसाहेबांशी असते, सासरच्या वाड्याशी नव्हे. जन्मतः दासी असलेलीला बाहेरचं जगच माहीत नसतं. ती पळून जात नाही यात नवल नाही.

पेशवाईत आणखी एक वाट होती, ती कथाकार फारशी वापरत नाहीत. बदअंमलाचा, म्हणजे व्यभिचाराचा, आरोप शाबीत झाला तर सरकार त्या बाईला कुणबीण करून ठेवी, किल्ल्यावर नाहीतर सरकारी कारखान्यात, म्हणजे कोठी-पागेसारख्या खात्यात, कामाला लावी किंवा विकून टाकी. ही कालपर्यंत कोणाची तरी सून होती, तिचा नवरा कदाचित त्याच पेठेत राहतो आणि तिची मुलं रस्त्यात दिसतात. सोलापूरच्या किल्ल्यात अशी एक बाई ठेवा, बाकी कथानक ती स्वतः ओढून नेईल.

दोन रकान्यांची खतावणी

लिहायला बसण्याआधी प्रत्येक दासीसाठी एका कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे तिला काय मिळतं ते लिहा, उजवीकडे ते कोण आणि कसं काढून घेऊ शकतं ते. डावीकडे "कोठीच्या किल्ल्या" असेल तर उजवीकडे "बाईसाहेबांनी हात पुढे केला की परत" असं येईल. डावीकडे "पाटल्या, गोठ" तर उजवीकडे "धनी मेला की जामदारखान्यात (खजिन्यात) जमा". उजवा रकाना एका माणसाच्या एका शब्दाने भरत असेल तर ती मर्जी आहे. तो भरायला पंच, काझी, कागद किंवा कायदा लागत असेल तरच तिथे मोकळीक सुरू होते. या खतावणीने अर्धी चुकीची प्रकरणं लिहिण्याआधीच गळतात.

रकाने भरताना निदान एवढं विचारा. ती परवानगीवाचून वेशीबाहेर जाऊ शकते का? मूल विकलं गेलं तर दाद कोणाकडे? तिने कमावलेला पैसा तिच्या नावावर राहतो का? रात्री बोलावणं आलं तर "नाही" म्हणता येतं का? आणि धनी उद्या सकाळी मेला तर संध्याकाळी ती कुठे असेल? शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त कामाचा. धन्याच्या मरणाचं प्रकरण दासीच्या बाजूने लिहिलेलं मराठीत फार कमी सापडतं, आणि तिथेच तिची सगळी मर्जी एका रात्रीत उघडी पडते.

विरूबाई या खतावणीत बसवून बघा. छत्रपती शाहूंच्या लग्नात वधूसोबत आलेली ती दासी, अशी परंपरागत हकिकत आहे. शाहू तेव्हा औरंगजेबाच्या कैदेत होते. बादशहाला नवी सून बघायची होती, तेव्हा खऱ्या वधूऐवजी हिलाच नटवून पुढे केलं आणि तेव्हापासून महाराजांनी तिला अंतर दिलं नाही. पुढे साताऱ्याच्या वाड्याचा सगळा कारभार तिच्या हाती आला, राण्याही तिला वचकून असत. तिने वाढवलेल्या फत्तेसिंह भोसल्यांकडून अक्कलकोटचं घराणं सुरू झालं. ती १७४० मध्ये वारली. डावा रकाना इतका भरलेला दासीच्या नावावर क्वचित दिसतो. पण त्या पहिल्या प्रसंगाकडे नीट बघा: धोका होता म्हणून राणीच्या जागी दासीला उभं केलं. फसवणूक उघडी पडली असती तर भोगायचं तिला होतं, आणि "जाऊ का?" असं विचारायची मुभा तिला नव्हती. विरूबाईवर लिहिणाऱ्याने तिचं वैभव रंगवण्याआधी तो अर्धा तास लिहावा. कोणाचं लुगडं अंगावर चढवलं, दागिने कोणी मोजून दिले आणि परत कोणी मोजून घेतले.

मोगल छावणीही अशीच उतरंडीची जागा. शाहूंच्या आई येसूबाई १६८९ पासून १७१९ पर्यंत कैदेत होत्या. राणी म्हणून मान होता, डेरा होता, सेवेला माणसं होती. दाराबाहेर पहारा होता. त्याच छावणीत औरंगजेबाची उदेपुरी महल होती. इटालियन प्रवासी मनूची तिला जॉर्जियाहून आलेली, आधी दारा शुकोहच्या जनान्यात असलेली गुलाम म्हणतो. ती शहजाद्याची आई होती. आता येसूबाईंची एखादी दासी कल्पनेने उभी करा: कैद्याची बांधील बाई. तिची धनीण स्वतःच मोकळी नाही. अशा वेळी दोघींत जवळीक येते, पण ती मैत्रिणीची करून टाकू नका. धनीण सुटली तर मुलुखात राणी होईल, दासी सुटली तरी दासीच.

कामाचा तपशील

दासीचा दिवस कामाने भरतो, म्हणून काम मोजून लिहा. वाड्यात ६० माणसं असतील, माणशी दिवसाला चार भाकरी आणि भाकरीला १०० ग्रॅम ज्वारीचं पीठ धरलं तर रोज २४ किलो पीठ लागतं, आणि ते सगळं हाताने दळायचं. जात्यावर दोघी बसल्या तरी पहाटेच्या कितीतरी आधी सुरुवात करावी लागते. म्हणून "ती चांदण्यात कवाडाशी उभी राहून त्याचा विचार करत होती" असं वाक्य आलं की आधी तिचं दळण कोण करतंय ते ठरवा. तिच्या बदली दुसरी बसली असेल तर तीच मर्जीची सगळ्यात नेमकी खूण. नव्या लुगड्यापेक्षा, जात्यावरून उठवली जाणं वाचकाला जास्त सांगून जातं.

मर्जीच्या बाकी पायऱ्याही कामातूनच दाखवा. पागेतली लीद काढणं, पाणी भरणं, कोठी, मग जामदारखाना किंवा बाईसाहेबांची वेणीफणी. मुदपाकखान्यात, म्हणजे स्वयंपाकघरात, आणि पिण्याच्या पाण्याला जात आडवी येते, तिथे कोणालाही घुसवू नका. हाकही बदलते: पागेत असताना "अगं ए", कोठीत आल्यावर नाव, किल्ल्या हाती आल्यावर नावापुढे 'बाई'. हे सगळं चाळीस-पन्नास पानांत हळूहळू होऊ द्या.

सोलापूरचं म्हणून सापडणाऱ्या गोष्टींत चुका होतात, त्या टाळा. चांदबीबीच्या काळातल्या ताटात मिरची, शेंगाचटणी, बटाटा नको. हे सगळं अमेरिकेतून पोर्तुगिजांमार्फत आलेलं आणि इथल्या ताटात नंतर रुळलेलं. सोलापुरी चादर तर गिरणी-मागाच्या जमान्यातली, आणि सोलापूरची पहिली कापडगिरणी १८७७ ची. किल्ल्याला लागून सिद्धेश्वराचा तलाव आहे, खंदक आहे, दुहेरी तट आहे. ती भूगोलाची चौकट वापरा. कोठीच्या किल्ल्या कमरेला असलेली बाई तटावरून तलावापलीकडची देवळाची माणसं रोज बघते आणि तिथे जायला किल्ल्याच्या हवालदाराचं दस्तक (परवाना) लागतं, हे लिहिलं की वेगळं भाष्य करावं लागत नाही.

सुटका कशी लिहावी

पळून जाणं ही एकच सुटका नाही, आणि सोपी तर मुळीच नाही. सोलापूर ते पंढरपूर सत्तर किलोमीटरच्या आसपास, उघडं माळरान, वैशाखात चाळीस अंशांच्या वर ऊन. पायी दोन-तीन दिवस, वाटेत प्रत्येक गावच्या चावडीवर "कोणाची गं तू?" हा प्रश्न. याला उत्तर नसेल तर ती पुन्हा धरली जाते. वारीच्या गर्दीत मिसळणं पटतं, पण दिंडीतही तिला कोणीतरी आपली म्हणावी लागते.

कागदावरच्या सुटकेच्या वाटा वेगळ्या. पेशवे दप्तरातल्या मोडी कागदांत पैसे भरून किंवा आपल्या जागी दुसरी बाई देऊन कुणबीण सुटल्याच्या नोंदी आहेत. ही दुसरी वाट कथाकाराने टाळू नये. सुटायला जी बदली दिली ती कोण? कुठून आणली? नायिकेने स्वतः निवडली असेल तर? म्हातारपणी काम होईना म्हणून सोडलेल्याही असतात. तिथे सुटका म्हणजे उद्यापासून शिधा बंद. सुटकेच्या प्रसंगानंतर निदान एक प्रकरण तिच्या पोटापाण्याचं लिहा: झोपायला जागा, चूल कोणाची, काम काय.

समारंभच हवा असेल तर नारदस्मृतीत फार सुंदर विधी आहे. धनी दासाच्या खांद्यावरची पाण्याची घागर घेतो आणि फोडतो. अक्षता-फुलं घातलेलं पाणी त्याच्या डोक्यावर शिंपडतो, तीनदा "अदास" म्हणतो आणि पूर्वेकडे तोंड करून त्याला निरोप देतो. त्यानंतर त्याच्या हातचं अन्न चालतं. हे धर्मशास्त्रातलं आहे. पेशवाईतल्या वाड्यात रोज घडणारं म्हणून दाखवू नका. एखाद्या शास्त्रीबुवांच्या आग्रहाने घडवता येईल.

बिछान्याचे प्रसंग आणि बोली

नकार देता येत नाही तिथे प्रणयाची भाषा वापरू नका. चंदन, मोगरा, थरथरते ओठ हे सगळं काढा. प्रसंग बोलावण्यापाशी सुरू करा आणि दुसऱ्या दिवशीच्या कामापाशी संपवा. तिच्या मनात ओढही असू शकते, सवयही, हिशेबही. माणूस आहे ती. फक्त उजवा रकाना त्या खोलीतही हजर असू द्या.

तिच्या तोंडी "मला स्वातंत्र्य हवंय" असलं वाक्य घालू नका. तिची मागणी नेमकी असते: पोरगी विकू नका, पागेत परत पाठवू नका, आईच्या दिवसाला जाऊ द्या. सूर सापडत नसेल तर पंढरपूरच्या जनाबाईंकडे जा. दळण, कांडण, शेणी वेचणं यातूनच ती बोलते आणि प्रत्यक्ष विठ्ठलालाही सुनावते. धन्यापुढे गप्प असणारी बाई देवापुढे, जात्यापुढे, तान्ह्या पोरापुढे काय बोलते, तिथे तिचा खरा आवाज ठेवा.

कथा १८१८ पुढे नेणार असाल तर इंग्रज आले म्हणून दासी सुटल्या असं लिहू नका. गुलामगिरीचा हक्क न्यायालयात चालणार नाही असं ठरवणारा कायदा १८४३ चा, तोही कंपनीच्या मुलखापुरता. अक्कलकोटसारख्या संस्थानाला तो थेट लागू नव्हता. त्या कायद्यात कोणाला बोलावून "तू मोकळी" असं सांगायची तरतूदही नव्हती. गुलामांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरला तो भारतीय दंड विधानाने, १८६२ पासून. मधल्या वर्षांत सोलापूर पेठेतल्या वाड्यात एक बाई रोज दळते आहे, कायद्याने तिला धरून ठेवता येत नाही, आणि ही बातमी तिला कोणी दिलेली नाही. ती तिला कोण देईल, आणि दिल्यावर ती जात्यावरून उठेल का, हे ठरवूनच पुढचं प्रकरण लिहायला घ्या.