फोमचे पॅनल भिंतीवरून पडतायत? या चुका टाळा

खोलीतला आवाज घुमू नये म्हणून लोक भिंतीवर फोमचे पॅनल टेपने लावतात, आणि पावसाळा लागला की मला ठरलेले मेसेज यायला लागतात, दादा पॅनल पडले, टेप भंगार निघाली. टेपला शिव्या घालायच्या आधी भिंत बघितली होती का?

भाड्याच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू बदलला की घरमालक स्वस्तातलं डिस्टेंपर मारून देतो. ते हाताला भुकटीसारखं लागतं, आणि टेप भिंतीला न चिकटता त्या भुकटीला चिकटते. ऐरोलीत एका पोराने पॉडकास्टसाठी अख्खी भिंत फोमने भरली होती, तीपण बाहेरच्या बाजूची, पावसाचा मार खाणारी. जुलैत रेकॉर्डिंग चालू असताना वरची रांग खाली आली, एक तुकडा थेट माइकवर. मी जाऊन बघतो तर टेपला रंगाचा अख्खा पापुद्रा चिकटलेला, मागे पुट्टीसकट! म्हणजे टेपने आपलं काम चोख केलं होतं. भिंतीला हात लावला तर गार, ओल उतरलेली. आणि ह्याचा प्रश्न काय, तर अजून जाड टेप घेऊ का? पुढे डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले गेले ते वेगळंच.

म्हणून आधी भिंतीवर तळहात फिरवा. पांढरा झाला किंवा ओल लागली तर टेपचा विषय संपला. अशा ठिकाणी मी फोम बोर्डावर लावतो आणि बोर्ड पडद्याच्या रॉडला दोरीने टांगतो, दिसायला जरा गबाळं दिसतं पण रात्री झोप लागते.

भिंत चांगली असेल, प्लास्टिक पेंटची, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी होऊ द्या. काच पुसायचं लिक्विड नको, त्याचा थर राहतो. मग कमांड स्ट्रिप घ्या, म्हणजे जोडीने येणाऱ्या चिकट पट्ट्या, एक भिंतीवर, एक पॅनलच्या मागे, आणि दोन्ही एकमेकींत अडकतात. स्ट्रिप 30 सेकंद दाबायची, पॅनल काढून ठेवायचा, तासाभराने परत लावायचा. पाकिटावर हे चित्रं काढून सांगितलेलं असतं, पण तो एक तास कुणाकडेच नसतो, कारण स्टोरी टाकायची असते ना.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे स्ट्रिप सरळ फोमवर लावणं. अरे फोम म्हणजे नुसती भोकं, गोंद धरणार कशाला? थोडे दिवस टिकतं, मग फोमच फाटून येतो. मागे सनबोर्ड (जाहिरातीच्या बोर्डाला वापरतात तो हलका प्लास्टिकचा बोर्ड) किंवा पातळ प्लायचा तुकडा स्प्रे ग्लूने लावा, तो नीट वाळू द्या, मग स्ट्रिप त्या बोर्डावर. थर्माकोल घेऊ नका, बरेच स्प्रे त्याला खातात.

दाबून पॅक केलेला फोम आला की एक-दोन दिवस मोकळा ठेवा, नाहीतर लावल्यावर फुगतो आणि कडा सुटतात.

काढताना स्ट्रिपची शेपटी भिंतीला लागून खाली ओढा, हळू. स्वतःकडे ओढली की रंग गेला.

आणि वरच्या मजल्यावरचं ड्रिल फोमने बंद होणार नाही, खोलीतला घुमणारा आवाज तेवढा कमी होतो. तोही योग्य जागी लावला तर. तुम्ही खुर्चीत बसा, कुणालातरी बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला लावा, ज्या जागी आरशात स्पीकर दिसला तिथे पॅनल.

लाकडी फ्रेममधले रॉकवूलचे (दगडापासून केलेल्या लोकरीचे) जड पॅनल मात्र स्ट्रिपवर लावूच नका, त्यांना स्क्रूच लागतो. घरमालक भोक पाडू देत नसेल तर कोपऱ्यात तिरके उभे करून ठेवा, तिथे बेसला, म्हणजे खालच्या जाड आवाजालाही थोडा फरक पडतो.