घाट एकीचा, यादी दोघांची

सगळ्यात आधी नवऱ्याला चहा देऊन समोर बसवा. बूट, घड्याळ, चार महिन्यांचं वेळापत्रक हे नंतर. चिखलदऱ्याच्या घाटात २१.१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन पळायची म्हणजे पाय तुमचे. पण पहाटे साडेचारला दार उघडणं, अंधारात मागून गाडीचा उजेड दाखवणं, तुम्ही परतेस्तोवर गाय पिळून ठेवणं, ही कामं दुसऱ्या कोणाला तरी करावी लागतात. मागच्या खेपेला आम्ही हे बोललोच नव्हतो. "तू पय, मी हाओ ना मांगं," एवढ्या एका वाक्यावर निघालो, आणि ऐन घाटात हे मागंही नव्हते अन् पुढंही.

मग रक्त तपासा. दम लागला की "वय झालं" म्हणायची आपल्या बायकांना सवय. माझं हिमोग्लोबिन ९.४ निघालं, बाईचं १२ च्या खाली असलं की तो रक्तक्षयच. तीन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या, गोळीच्या आगंमागं चहा बंद केला, तेव्हा कुठं पाचव्या किलोमीटरला फुलणारा श्वास आठव्यावर गेला. चाळिशी उलटली असेल, बीपी-शुगर असेल, चालताना छातीत भरून येत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चढाच्या वाटेला जाऊ नका.

आता चढ. आम्ही दर्यापूर तालुक्यातले, खारपाणपट्ट्यातले. जमीन इतकी सपाट की पावसाच्या पाण्यालाही कुठं जावं ते कळत नाही. रोजचं पळणं शकुंतलेच्या, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या छोट्या रेल्वेच्या, बंद रुळांशेजारच्या वाटेनं व्हायचं. तिथं दम वाढतो, पण घाट कळत नाही. म्हणून दर रविवारी अंजनगावच्या पुढं शहानूर धरणाकडं, सातपुड्याच्या पायथ्याला जायचं ठरवलं. चढावर सपाटीचा वेग विसरा, घड्याळ बाहीत लपवा. पावलं लहान टाका, नजर दहा हातांवर ठेवा, आणि एक अख्खं वाक्य बोलता येत नसेल तर सरळ चाला. मांडीवर हात ठेवून झपझप चालणारी बाई धापा टाकत पळणारीच्या पुढं जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ती पुढं जाणारी मी नव्हते. उंचीची मात्र धास्ती घेऊ नका. चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर आहे, तिथं हवा विरळ लागत नाही. दम काढतो तो रस्त्याचा तिरपेपणा.

आणि उतार! यादीतली ही ओळ लाल पेनानं लिहा. मी चार महिने चढ चढले आणि प्रत्येक वेळी उतरताना ह्यांच्या गाडीवर बसून आले. केवढी हुशारी! घाट उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत जातो आणि त्याच वेळी सगळं अंग अडवून धरतो. सवय नसलेल्या स्नायूच्या बारीक तंतूंना त्यानं इजा होते. चौदाव्या किलोमीटरला माझे गुडघे हलायला लागले, नव्या वासरासारखे. सोपी गोष्ट ही की हा स्नायू लवकर शिकतो. एकदा उतारावर पळून दुखवून घेतला की पुढचे काही आठवडे तेवढा दुखत नाही. म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत दर आठवड्याला थोडं थोडं उतारावर पळा, आणि शेवटचा उतार शर्यतीच्या दहा-बारा दिवस आधी उरका. मागं रेलू नका, टाच आपटून ब्रेक लावू नका. भराभर लहान पावलं टाका. लांबात लांब १८ किलोमीटर झाले की पुरे. शेवटचे दोन आठवडे पळणं कमी करत आणा. तेवढ्या दिवसांत कपाशी वेचायला जाऊ नका म्हटलं तर सासूबाई हसल्या, पण गेल्या त्याच.

बूट नवे नकोत, निदान शंभरेक किलोमीटर पायात फिरलेले हवेत. अंगठ्यापुढं बोटभर जागा ठेवा, नाहीतर उतारावर नख काळं पडतं. नखं चार दिवस आधी कापा. आतले कपडेही धुतलेले, पळून पाहिलेलेच घाला. काखेत आणि मांडीला खोबरेल नाहीतर व्हॅसलिन लावा. पाळीची तारीख जवळ असेल तर पॅड पिशवीत असू द्या.

खाण्याचं. मुक्काम परतवाड्याला नणंदेकडं होता आणि वहिनी घाटात पळणार म्हणून वन्संनी पाटवडी-रस्सा केला, वर बोटभर तर्री. नाही म्हणता येईना. रात्री दोन वाजता उठले, चार वाजता पुन्हा. या खेपेला आठ दिवस आधी ह्यांच्याकडूनच फोन करवला: "ताई, तिले फक्त वरण-भात लागते." बहिणीला भावानं सांगितलं की राग येत नाही. शर्यतीच्या आदल्या दिवशी भाकर, ठेचा, सगळ्यालाच सुट्टी. सकाळी दोन तास आधी दोन पोळ्या गुळासोबत, नाहीतर साधे पोहे. पळताना तासाला तीसेक ग्रॅम साखर पोटात जायला हवी, म्हणजे एक मोठं केळं नाहीतर लिंबाएवढा गुळाचा खडा. पाणी तहान लागेल तसं प्या. भीतीपोटी ढोसलं तर रक्तातलं मीठ उतरतं आणि तेही जिवावर येऊ शकतं. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात अख्खी टाका, पेलाभर पाण्यात नको. डब्यातलं गोड सरबत त्याच्या बदल्यात चालत नाही. दुखण्याची गोळी पळण्याआधी तर घेऊच नका, मूत्रपिंडाला भारी पडते.

आता ह्यांची पिशवी. घाटात रेंज जाते, म्हणून सगळं कागदावर हवं: कुठल्या वळणावर उभं राहायचं, तिथं मी साधारण किती वाजता येईन, हातात काय धरायचं. आयोजकांना आधी विचारून घ्या, की बाहेरच्या माणसानं खायला दिलेलं चालतं का आणि रस्ता गाड्यांना कधी बंद होतो. मागच्या खेपेला हे धामणगाव गढीलाच अडकले, कारण पेट्रोल भरायला थांबले आणि तेवढ्यात गाड्या अडवल्या. पुढं पायी चढून कसेबसे एका वळणावर पोचले, पिशवी कठड्यावर ठेवली, कपाळाचा घाम पुसला, आणि वानराच्या एका मादीनं पिल्लू पोटाशी धरून ती पिशवी उचलली. मी पोचले तेव्हा हे हातात गुळाचा एकच खडा घेऊन उभे, आणि वर झाडावर आमची सहा केळी सोलली जात होती. तेव्हापासून पिशवी चेनची आणि खांद्यालाच. त्यात कोरडा सदरा, चप्पल, टॉवेल, सुती पट्टी, सुटे पैसे आणि ह्यांचा स्वतःचा डबा. मला पाणी द्यायला आलेला माणूस उपाशीपोटी घेरी येऊन खाली बसला तर मी पळू की त्याला वारा घालू?

काय बोलायचं तेही ठरवा. "बस, आलंच आता" हे खोटं बोलायची बंदी. "कशी हायेस?" हेही नको, मला रडू येतं. फक्त "पाणी का केळं?" आणि किती किलोमीटर राहिले तो आकडा. थांबवायचा हक्क मात्र त्यांना आधीच देऊन ठेवला. बोलणं असंबद्ध झालं, तोल जायला लागला, छातीत दुखलं, तर माझं न ऐकता बसवायचं आणि रुग्णवाहिकेला हाक मारायची. थकले, रडले, चिडले, तर बसवायचं नाही. ह्यात चिडण्याचा भाग ह्यांना पाठ आहे.

संपल्यावर लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला, कोरडे कपडे घाला, मग जवळच्या मोथा गावची रबडी. आणि परतीला मोटरसायकल नको. मला पाय उचलून पलीकडं टाकता येईना, दोघा अनोळखी पोरांनी आणि ह्यांनी मिळून मला गाडीवर चढवलं, पोतं चढवावं तसं. आता दिराची व्हॅन आधीच सांगून ठेवलीय. खरं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि तेव्हा उकिडवं बसायचं म्हणजे काय हे मी इथं लिहीत नाही. एवढंच सांगते: गावात कोणाच्या म्हाताऱ्याची कमोडची खुर्ची असेल तर चार दिवसांसाठी आधीच मागून ठेवा. ह्यांनी ती आणली तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "कावून जी, कोण पडलं?"