व्यायाम सुरू केला आणि काटा वर सरकला? या चुका टाळा

जानेवारीत नाशिकच्या गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर लोकांना चुकवत चालावं लागतं. शिवजयंती येईपर्यंत तोच ट्रॅक मोकळा होतो. थंडी ओसरत आली की गर्दी खरं तर वाढायला हवी. पण गेलेल्यांपैकी बरेच जण वजनकाट्यावर रुसून गेलेले असतात. "काकू, दहा दिवस झाले पहाटे उठतेय आणि वजन दीड किलो वाढलं!" ट्रॅकच्या कडेला बसून हे कुणी ना कुणी बोलतंच. त्यावर काकूंचं उत्तरही ठरलेलं असतं, "अगं, मसल वाढले असतील." तक्रार खरी असते, दिलासा मात्र बहुतेक वेळा खोटा.

पहिली चूक: वाढलेलं वजन म्हणजे चरबीच, असं धरून चालणं

साधा हिशोब करा. एक किलो चरबी साठायला साधारण 7700 कॅलरी जादा लागतात. दहा दिवसांत दीड किलो चरबी चढायची तर रोजच्या गरजेपेक्षा अकराशेच्या वर कॅलरी जास्त खायला हव्यात, तेही दहाही दिवस. दिवाळीचा फराळ समोर असेल तर अवघड नाही, पण एरवी एवढं खाल्लेलं लक्षात राहतं.

मग हे वजन कसलं? बहुतांशी पाण्याचं. व्यायाम सुरू झाला की स्नायू स्वतःजवळ ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, वाढवू लागतात. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठतं. दुसरं कारण अंगदुखी. पांडवलेणीच्या पायऱ्या पहिल्यांदा चढून-उतरून आलेल्या माणसाला विचारा. चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या मुख्यतः उतरण्यामुळे. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि ती भरून येईपर्यंत तिथे सूज आणि पाणी राहतं. ही सूज डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसते. काही दिवसांनी स्नायू सरावतात आणि हे पाणी आपोआप उतरतं. म्हणून पहिल्या महिन्यात काट्याचं फारसं मनावर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता काकूंचे मसल. चरबीचे स्नायू होत नाहीत, दोन्ही ऊती वेगळ्या. आणि दहा दिवसांत दीड किलो स्नायू तर तालमीतल्या पोरांनाही चढत नाही. नुसत्या चालण्याने स्नायू वाढतात तेही थोडेच; त्यासाठी जोर-बैठका किंवा डंबेल्स हव्यात. ते महिनोन्‌महिने केलं तर स्नायूंमुळे वजन खरोखर वाढू शकतं, आणि त्या वाढीचं वाईट वाटायचं कारण नाही.

दुसरी चूक: सोमवारी सकाळी काट्यावर उभं राहणं

नाशिकमध्ये तरी हे करूच नये. रविवारी सकाळी गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत चालत किंवा सायकल मारत जायचं आणि परतताना मिसळीला बसायचं, ही आपली रीतच आहे. काळ्या मसाल्याचा रस्सा, त्यावर शेव-फरसाण, वर पापड, दुसऱ्यांदा मागितलेली तर्री, शेवटी जिलेबी. मीठ कुठून कुठून पोटात गेलं ते मोजायला गेलात तर दमाल. दवाखान्यात लावतात त्या साध्या सलाइनमध्ये एका लिटरला 9 ग्रॅम मीठ असतं. यावरून अंदाज बांधा: नेहमीपेक्षा पाच-सहा ग्रॅम मीठ जास्त गेलं, तर मूत्रपिंडं ते बाहेर टाकेपर्यंत अर्धा लिटरच्या आसपास पाणी शरीर धरून ठेवू शकतं. त्यात पाव आणि जिलेबीने ग्लायकोजेनचा साठाही भरलेला. सोमवारी काटा किलोभर वर गेला तर नवल काय!

वजन करायचंच तर सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहापाण्याआधी, हलक्या कपड्यांत करा. काटा फरशीवर ठेवा, पायपुसण्यावर किंवा सतरंजीवर नको. आठवड्यातले तीन-चार आकडे लिहून त्यांची सरासरी काढा आणि सरासरीची तुलना सरासरीशीच करा. ज्यांना रोजचा आकडा बघून दिवसभर चिडचिड होते त्यांनी गुरुवार ठरवावा, रविवारपासून तो पुरेसा लांब आहे. बायकांनी पाळीच्या आधीचं वजन मागच्या पाळीच्या आधीच्या वजनाशी ताडून पाहावं. त्या दिवसांत अंगात पाणी धरतंच. चरबीचे टक्के दाखवणाऱ्या स्मार्ट काट्यांचं तर सोडूनच द्या. अंगातलं पाणी कमीजास्त झालं की त्यांचे टक्केही हलतात.

तिसरी चूक: पाण्याच्या नावावर सगळंच खपवणं

सहा आठवडे झाले, सरासरी चढतीच आहे आणि पँटही कमरेला घट्ट होतेय? मग काटा बरोबर सांगतोय, ताटाकडे वळा. साधारण 65 किलोच्या माणसाने पाच किलोमीटर चालून सव्वादोनशे-अडीचशे कॅलरी खर्च होतात. एक मोठा चमचा तेल म्हणजे 120 कॅलरी. तर्रीवर तरंगणारं तेल दोन मोठे चमचे जरी धरलं, तरी अख्खं चालणं तिथेच फिटतं, पाव अजून मोजायचाच आहे. "आज चाललोय ना" म्हणत घेतलेला उसाचा रस आणि ट्रॅकबाहेरचा साखरेचा दुसरा चहा यांचंही तसंच. मिसळ सोडा असं नाशिककराला सांगण्यात अर्थ नाही. रस्सा एकदाच घ्या आणि पाव मोजून खा, एवढं जमतं.

चौथी चूक: चिडून दुप्पट व्यायाम

गुडघे बोलू लागतात, भूक खवळते, आणि पंधरवड्यात सगळंच सुटतं. आठवड्याला 150 मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम एवढं प्रौढांसाठी पुरेसं आहे.

पाचवी चूक: मोजायला दुसरं काहीच नसणं

2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्य जिंकणारी कविता राऊत आपल्याच जिल्ह्याची, सावरपाड्याची. तिचं धावणं घड्याळात मोजलं गेलं, किलोंत नव्हे. तुम्हीही काही तरी असं धरा. पांडवलेणी चढताना मध्ये किती वेळा थांबावं लागतं? गोल्फ क्लबच्या एका फेरीला किती मिनिटं लागतात? सकाळी अंथरुणातून उठण्याआधी नाडी किती पडते? शिंप्याकडची टेप आणून महिन्यातून एकदा पोटाचा घेर घ्या. आपल्याकडे पुरुषांनी 90 आणि बायकांनी 80 सेंटीमीटरच्या आत राहावं असं मानतात. वजन जागचं न हलता घेर कमी होणं अगदी शक्य आहे. मधुमेह असलेल्यांना तर साखरेचे आकडे काट्याच्या आधी बदललेले दिसू शकतात, कारण व्यायामानंतर पुढचा दिवसभर तरी स्नायू रक्तातली साखर जास्त सहज ओढून घेतात.

आणि काही वाढ अशी असते की तिथे यातलं काहीच लागू होत नाही. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं, पावलांवर सूज आली, दम लागतोय, आडवं झाल्यावर श्वास जड होतोय, तर ट्रॅकवर न जाता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हृदय किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असू शकतं. थकवा, बद्धकोष्ठ आणि सतत थंडी वाजणं यांच्या जोडीने वजन वाढत असेल तर थायरॉइड तपासा. पाळी अनियमित असेल तर पीसीओडीची, म्हणजे अंडाशयाशी संबंधित हार्मोनच्या बिघाडाची, शंका घ्या. स्टेरॉइड, इन्सुलिन आणि मानसिक आजारांवरची काही औषधं यांनीही वजन वाढतं. ती मनाने बंद करू नका. पर्याय आहे का, हे ज्यांनी लिहून दिली त्यांनाच विचारा.