मध्ययुगीन बाप्तिस्माकुंड कसे तपासावे : आधी काठ, मग नक्षी

इंग्लंडच्या खेड्यातल्या चर्चमध्ये भिंती पाडून पुन्हा बांधल्या गेल्या, तरी बाप्तिस्म्याचे दगडी कुंड बहुधा जुनेच ठेवले गेले. त्यामुळे कित्येक ठिकाणी ते इमारतीहूनही जुने असते. ते सहसा पश्चिमेकडे, मुख्य दाराजवळ सापडते. बहुतेकांचे लक्ष आधी नक्षीकडे जाते, पण नक्षी नंतर पुन्हा कोरलेली असू शकते. म्हणून सुरुवात काठापासून करा.

सोबत कापडी टेप (धातूची पट्टी दगडावर ओरखडे पाडते), विजेरी, पेन्सिल आणि फोटोत मापासाठी ठेवायची पट्टी घ्या. झाकण चर्चवॉर्डनला (चर्चची देखरेख करणाऱ्या पदाधिकाऱ्याला) विचारूनच उघडा आणि जड असेल तर दोघांनी उचला. सफोकमधल्या अफर्डच्या चर्चमध्ये पंधराव्या शतकातले लाकडी झाकण सुमारे साडेपाच मीटर उंच आहे. त्याचा खालचा भाग वरच्या भागावर सरकतो. अशा झाकणाला पाहुण्याने हात लावूच नये.

आता काठावरून बोट फिरवा. समोरासमोर दोन खाचा, शिशाचे बुजवण किंवा दगडाचे ठिगळ लागले, तर तिथे झाकणाच्या कुलपाचे कोयंडे होते असे समजा. त्या काळी मंत्रून पवित्र केलेले पाणी कुंडातच साठवून ठेवत, आणि लोक ते जादूटोण्यासाठी चोरून नेत. म्हणून कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी 1236 मध्ये कुंडे कुलूपबंद ठेवण्याचा हुकूम काढला. पुढे कोयंडे उपटताना काठाचा टवका निघाला. ही जखम म्हणजे वयाचा चांगला पुरावा. ती नसली म्हणून कुंड नवे ठरत नाही, कारण काठ तासून सपाट केलेला असू शकतो. काठाची जाडी सगळीकडे मोजा. एका बाजूला ती अचानक कमी भरली, तर तासकामाचा संशय घ्या.

आत शिशाचे अस्तर आणि तळाला निचऱ्याचे भोक आहे का ते पाहा. सच्छिद्र चुनखडीत पाणी मुरते, म्हणून अस्तर लावत. बाळाला पाण्यात बुडवायचे असल्याने मध्ययुगीन कुंडाचा आतला व्यास बहुधा अर्धा मीटर किंवा त्याहून थोडा जास्त असतो. वाडग्याएवढा लहान खळगा दिसला तर ते काम बहुधा नंतरचे. 1660 मध्ये राजेशाही परतल्यावर कित्येक गावांनी नवी कुंडे घडवली, आणि काहींवर साल कोरलेलेच आहे.

मग आकार पाहा. गोल पिंपासारखे किंवा चौकोनी कुंड, त्यावर नागमोडी पट्टे आणि एकमेकांत गुंतलेल्या अर्धगोल कमानी असतील तर ते बाराव्या शतकाकडे झुकते. चपट्या, उथळ कमानींची रांग आणि दगडात गोगलगाईच्या शंखांचे छेद दिसले, तर तो डॉर्सेटचा पर्बेक दगड. अशी कुंडे साधारण 1200 च्या आगेमागे खूप झाली. काळा-निळसर दगड असेल तर तो आजच्या बेल्जियममधल्या तूर्नेहून आलेला असू शकतो. हॅम्पशरमध्ये ईस्ट मिऑन आणि विंचेस्टर कॅथेड्रल इथे तशी कुंडे आहेत. नंतर अष्टकोन रुळला. नॉरफोक-सफोकमध्ये पंधराव्या शतकातल्या काही कुंडांच्या सात बाजूंवर ख्रिस्ती धर्मातले सात संस्कार (बाप्तिस्मा, विवाह वगैरे) कोरलेले असतात, आठव्या बाजूवर वेगळे दृश्य. त्यांतली बरीच डोकी फोडलेली सापडतात. तेही नोंदवा, कारण ती मूर्तिभंजनाची खूण असू शकते.

खरी गल्लत एकोणिसाव्या शतकातल्या कामामुळे होते. विजेरी दगडाला जवळपास समांतर धरा. टाकीचे घाव तिरके आणि असमान असतील तर पृष्ठभाग जुना असण्याची शक्यता वाढते. सगळ्या कडा सारख्याच धारदार आणि खोबणीत चुन्याचा वा रंगाचा मागमूस नाही, तर पुन्हा कोरलेले किंवा नवे समजा. वाटी, खांब आणि बैठक यांची तारीख वेगवेगळी लिहा, कारण तीन शतकांचे तीन तुकडे एकावर एक रचलेले असणे अजिबात दुर्मीळ नाही. ठसे घेणे किंवा कागद ठेवून घासणे टाळा. तिरक्या उजेडातला फोटो पुरतो.

साफसफाई म्हणजे मऊ, नैसर्गिक केसांचा कोरडा ब्रश, बस. पाणी, साबण, ॲसिड, तारेचा ब्रश, मेण, जवसाचे तेल यांतले काहीही नको. खोबणीतला चुना मळ वाटतो, पण कधी त्याखाली मूळ रंग असतो. खांबाच्या पायथ्याशी पांढरी भुकटी जमत असेल तर ती पुसून भागत नाही. क्षार खालून ओलीबरोबर चढत आहेत. निचऱ्याचे पाणी मुरण्याचा खड्डा तुंबलेला असतो, किंवा सांधे सिमेंटने भरल्यामुळे ओल दगडातूनच बाहेर पडते. सांध्यात लोखंडी आकडे असतील तर गंजून फुगतात आणि दगड फोडतात. हे काम दगडाच्या जाणकार संवर्धकाचे. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये कुंड हलवायला किंवा त्याची मोठी दुरुस्ती करायला फॅकल्टी नावाची परवानगी लागते.

आणि कुंडात फुलांचा ओला स्पंज ठेवलेला दिसला तर वॉर्डनला नम्रपणे सांगा. पाणी झिरपते, शिवाय चर्चच्या नियमानुसार कुंडाची वाटी फक्त बाप्तिस्म्याच्या पाण्यासाठीच आहे.