मार्चअखेरीआधी टेबलावरचा कॅल्क्युलेटर

पतसंस्थेत, गृहनिर्माण सोसायटीच्या कचेरीत किंवा एखाद्या दुकानाच्या हिशेबाला नव्याने बसणाऱ्यांनी कॅल्क्युलेटरची ही तयारी फेब्रुवारीतच उरकून घ्यावी. टॅली आहे, एक्सेल आहे, मग कॅल्क्युलेटर कशाला, असं नवी मुलं विचारतात. रोख मोजताना, व्हाउचरांचा गठ्ठा तपासताना, छापून आलेल्या तेरजेवर, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांच्या यादीवर, टिक मारत जाताना हाताशी लागतो तो हाच. शिवाय संगणकाच्या बेरजेचा पडताळा त्याच संगणकावर घेतला, तर एकच चूक दोनदा बरोबर दिसते.

नवीन घ्यायचा असेल तर दुकानात जाऊन, हाताळून घ्या. अशा दुकानांसाठी पुण्यात अप्पा बळवंत चौक आहे, मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीट आहे. तालुक्याच्या गावी स्टेशनरीचं एखादं चांगलं दुकान असतंच. बारा अंकी घ्या. दहा अंकीवर पैशांसकट लिहायचं तर ९ कोटी ९९ लाखांच्या पुढे जागा उरत नाही, आणि साध्या पतसंस्थेच्या ठेवींची बेरीजसुद्धा तेवढी होते. मग १२३४५६७ टाइप करा. पडद्यावर १२,३४,५६७ असा स्वल्पविराम पडला तर ते यंत्र आपल्या लाख-कोटींसाठी केलेलं आहे. १,२३४,५६७ असा पडला तर तेही चालतं, पण दिवसभर आपल्या खतावणीशी (खात्यांच्या वहीशी) ताडून पाहताना डोळा अडखळत राहतो. मी तरी तसा घेणार नाही.

दुकानातच आणखी दोन परीक्षा घ्या. बारा वेळा ८ दाबा. आठच्या अंकात सातही रेघा पेटतात, त्यामुळे पडद्यातली मेलेली रेघ लगेच उघडी पडते. नंतर १२३४५६७९ गुणिले ९ करा. ओळीने नऊ एकके आली पाहिजेत. या दोन परीक्षांत शून्य सोडून सगळी अंकांची बटणं दाबून होतात. शून्य आणि दोन शून्यांचं बटण तेवढं वेगळं दाबून पाहा. सौर पट्टी खरी आहे का, याचीही शंका फेडून घ्यावी, कारण नामांकित कंपनीच्या नावातलं एखादं अक्षर बदलून विकायला ठेवलेल्या यंत्रांत ती पट्टी कधी कधी नुसती काळी काच असते. दुकानदार तयार असेल तर सेल काढून यंत्र उजेडात धरायचं. अंक उमटले तर पट्टी काम करते. बाकी वजन, खालचे रबरी पाय, पडद्याचा उतार हे हाताला आणि डोळ्याला कळतं. बटणावरचा अंक वरून छापलेला असेल तर दोन वर्षांत ५ आणि ० पुसले जातात, हे मात्र लक्षात असू द्या.

‘चेक’चं बटण असलेलं मॉडेल मिळालं तर थोडे पैसे जास्त द्या. बेरीज करताना कितवी नोंद चालू आहे ते पडद्याच्या कोपऱ्यात दिसतं आणि नंतर एकेक आकडा मागे-पुढे जाऊन तपासता येतो. गठ्ठ्यात ४७ व्हाउचर आणि कोपऱ्यात ४६ दिसले, की कुठलं निसटलं ते शोधायला सगळं पुन्हा मारावं लागत नाही. रोखीचा व्यवहार फार असेल तर कागदी पट्टी छापणारं यंत्र उत्तम, कारण ती पट्टी गठ्ठ्याला टाचून ठेवता येते.

यंत्र टेबलावर आलं की सगळ्यात आधी पडद्याखालच्या सरकपट्ट्या पाहा. एका पट्टीवर एफ, ४, ३, २, ०, ए असं काहीसं असतं, म्हणजे दशांश किती ठेवायचे ते. दुसरीवर शेवटचा अंक एकाने वाढवायचा, जवळच्या अंकाला न्यायचं की पुढचं तोडून टाकायचं, ते ठरतं. ‘ए’वर पट्टी असेल तर यंत्र दशांशचिन्ह स्वतःच घालतं: ४५६७ मारून अधिक दाबलं की ४५.६७ होतात. पैशांसकट लांब बेरजा मारायला हे फार सोयीचं आहे, पण पट्टी तिथे आहे हे माहीत नसेल तर सगळा हिशेब शंभरपट घसरतो.

पट्टीकडे न पाहण्याची चूक माझ्याकडूनही झाली आहे. एका वर्षअखेरीला ठेवींवरच्या व्याजाची यादी आणि खतावणी यांच्यात ७१ रुपयांचा फरक आला. फरक आला की आधी त्याला दोनाने भागायचं. येणाऱ्या आकड्याची नोंद सापडली तर ती चुकीच्या बाजूला, म्हणजे जमेऐवजी नावे पडलेली असते. मग नऊने भागून पाहायचं. भाग गेला तर बहुधा अंक उलटसुलट झालेले असतात, म्हणजे ५,४८० चे ४,५८० लिहिले की फरक ९०० येतो. ७१ ला ना दोनाने पुरता भाग जात होता, ना नऊने. रात्री साडेनऊपर्यंत आम्ही तिघं यादी वाचत होतो. शेवटी दिसलं की यंत्र पुसताना पट्टी शून्यावर सरकली होती आणि दुसरी ‘तोडून टाका’वर होती. सुमारे १४० खात्यांचे नुसते पैसे गळाले होते. ते सभासदांचे पैसे होते, म्हणून ती यादी मी दुसऱ्या दिवशी पहिल्या ओळीपासून पुन्हा केली. तेव्हापासून सकाळी खुर्चीवर बसलो की दोन्ही पट्ट्यांवर नजर टाकतो आणि मगच किर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, उघडतो.

पुढचं काम टक्क्याच्या बटणाची ओळख करून घेण्याचं. १०० अधिक १८ टक्के असं दाबा. काही यंत्रांवर ११८ येतात, काहींवर भलताच आकडा येतो, कारण त्या बटणाचा अर्थ प्रत्येक कंपनीने आपापल्या परीने लावलेला आहे. म्हणून मी १०० गुणिले ११८ टक्के असंच मारतो. ते सगळीकडे सारखं चालतं. करासकट रकमेतून मूळ किंमत काढतानाही सवय एकच ठेवा: १,१८० भागिले ११८ गुणिले १००, उत्तर १,०००. १,१८० मधून १८ टक्के वजा केले तर ९६७.६० येतात, आणि ही चूक मी अजूनही दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या कागदावर पाहतो. जीएसटीची खास बटणं असलेलं यंत्र असेल तर त्यात कोणते दर भरलेले आहेत ते तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंसाठी १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. जुन्या यंत्रातली बटणं अजून तेच दर लावत असतील.

गुणाकार आणि बेरीज मिसळली तर हे यंत्र ज्या क्रमाने दाबाल त्या क्रमाने करतं. २ अधिक ३ गुणिले ४ चे इथे २० होतात, शाळकरी मुलांच्या सायंटिफिकवर १४. फोनवरच्या ॲपशी तुलना करताना लोक इथेच गोंधळतात.

व्याजाला आधी सगळे गुणाकार, भागाकार शेवटी. ८५,००० रुपये, ९ टक्के, ९१ दिवस: ८५००० गुणिले ९ गुणिले ९१ भागिले ३६५००, म्हणजे १,९०७.२६. हेच आधी ९१ ला ३६५ ने भागून ०.२५ असं मांडून पुढे गेलात तर १,९१२.५० होतात आणि एका खात्यामागे सव्वापाच रुपये चुकतात.

बोटांची तयारी रोज दहा मिनिटं करा. मधलं बोट ५ वर. त्या बटणावर बारीक उंचवटा असतो, तो न पाहता सापडला पाहिजे. तर्जनी ४ वर, अनामिका ६ वर. फोनची सवय असेल तर सुरुवातीला बोट चुकेल, कारण फोनवर वरच्या ओळीत १-२-३ असतात आणि इथे ७-८-९.

सेलचा क्रमांक यंत्राच्या मागे असतो, तो वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लिहून ठेवा आणि एक सेल ड्रॉवरमध्ये ठेवा. काही मिनिटं हात लागला नाही की यंत्र आपोआप बंद होतं, म्हणून चहाला उठण्याआधी मधली बेरीज पेन्सिलीने कागदावर उतरवा.

आणि ३१ तारखेच्या संध्याकाळी, रोख मोजायला बसताना, आधी मेमरी आणि जीटी (ग्रँड टोटल, म्हणजे सगळ्या उत्तरांची एकूण बेरीज) दोन्ही पुसा; कोपऱ्यातलं ‘एम’ अक्षर गेलेलं दिसलं पाहिजे. ५०० च्या ४८ म्हणजे २४,०००, २०० च्या ३१ म्हणजे ६,२००, १०० च्या ७६ म्हणजे ७,६००, असं प्रत्येक ओळीला ‘बरोबर’चं (=) बटण दाबत खाली दहाच्या नोटांपर्यंत यायचं, मग चिल्लर, आणि जीटी दाबून एकूण घ्यायचं. तो आकडा कागदावर लिहून पालथा ठेवा. दुसऱ्या माणसाने त्याच्या यंत्रावर उलट्या क्रमाने, चिल्लरीपासून वर मोजत जावं. दोन्ही आकडे किर्दीच्या शिल्लकेशी जुळले की दोघांनी सही करायची आणि मग तिजोरीची किल्ली फिरवायची.